कुठली माहिती नेटवर कुठे शोधायची

काहीही हवं असलं की आपण गुगलमध्ये टाकतो आणि बहुतेक वेळा काम होऊनही जातं. पिक्चरचा टाइम, दुकान उघडं आहे का, कुठल्या स्टेशनवरून रिक्षा सोयीची पडेल, असल्या गोष्टींसाठी दुसरीकडे जायची गरजच नाही. पण जरा खोलातलं काही हवं असलं, म्हणजे सरकारी निर्णय, आजोळच्या गावाचा जुना उल्लेख, एखाद्या औषधाबद्दल खात्रीचं काही, आजचा कांद्याचा भाव, की पहिल्या पानावर जाहिराती, व्हिडिओ आणि एकमेकांवरून कॉपी केलेल्या बातम्या येतात आणि आपण म्हणतो नेटवर काही नाहीये. असतं हो, बऱ्याचदा असतं, फक्त गुगलला ते दिसत नाही किंवा दिसलं तरी पाचव्या पानावर ढकललेलं असतं.

म्हणून टाइप करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, की ही माहिती मुळात तयार कोणी केली असेल आणि ती सांभाळून ठेवायचं काम कोणाचं आहे. योजनेचा निर्णय मंत्रालयातल्या विभागाने काढलेला असतो, पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाकडे असतो, भाव बाजार समिती नोंदवते, निकाल कोर्ट देतं. उत्तर मिळालं की गुगलचा उपयोग फक्त त्या जागेपर्यंत पोचायला करायचा आणि आतलं शोधायचं काम त्या जागेच्याच सर्चमध्ये करायचं.

सगळ्यात आधी जीआर, म्हणजे शासन निर्णय, कारण लोकांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे वाया जातो. व्हॉट्सॲपवर रोज कुठला तरी "शासन निर्णय" फिरत असतो, कधी खरा, कधी अर्धाच फोटो, कधी पाच वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्र शासनाची शासन निर्णयांची वेगळी वेबसाइट आहे, गुगलवर "शासन निर्णय महाराष्ट्र शासन" टाकलं की सापडते, आणि उघडताना पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघायचं. तिथे विभाग निवडता येतो, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत असं टाकता येतं, शीर्षकातला शब्द टाकता येतो. पण खरी चावी आहे संकेतांक. कुठल्याही जीआरच्या शेवटी एक वाक्य असतं, की हा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा वर्ष, महिना, तारीख असा सुरू होतो, म्हणजे २०२४०६२८ ने सुरू झाला तर २८ जून २०२४. फॉरवर्ड आलेल्या कागदावर संकेतांक असेल तर तो तसाच्या तसा वेबसाइटवर टाकायचा, निघाला तर मूळ पीडीएफ उतरवून घ्यायची. फोटोत शेवटचं पानच नसेल तर विभाग आणि तारीख टाकून शोधायचं, आणि तरीही काही निघत नसेल तर तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका एवढं मनापासून सांगतो.

जीआर सापडला की काम संपत नाही. लाडकी बहीण योजनेचंच घ्या, मूळ निर्णय २८ जून २०२४ चा, महिला व बालविकास विभागाचा, आणि जुलै उजाडल्यावर लगेच त्यात बदल झाले, वयाची वरची मर्यादा ६० ची ६५ झाली, पाच एकर शेतीची अट काढली. ज्यांनी फक्त पहिला जीआर वाचला त्यांच्यातल्या कितीतरी घरांत "आपण बसत नाही" म्हणून विषय बंद झाला असेल. म्हणून एक जीआर मिळाला की त्याच विभागात त्याच्या पुढच्या तारखा टाकून "सुधारणा" आणि "शुद्धिपत्रक" हे शब्द शोधायचेच. मागे जायचं असेल तर सोपं आहे, प्रत्येक जीआरच्या वरच्या भागात "संदर्भ" किंवा "वाचा" खाली आधीच्या निर्णयांची तारखेसकट यादी असते, ती धरून एकेक मागे जाता येतं. आणि शब्द निवडताना बातमीतले शब्द घेऊ नका, कागदावरचे घ्या. पेपरवाले "घरकुलाचे पैसे" लिहितील, जीआरमध्ये "अनुदान वितरीत करणेबाबत" असेल. ही सरकारी मराठी थोडी अंगवळणी पडली की निम्मा शोध तिथेच लागतो.

जमिनीचं काम असेल तर सातबारा, आठ अ हे महाभूलेखवर फुकट बघता येतं पण ते नुसतं बघायला, कुठे द्यायचं असेल तर डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपये भरून काढायचा. सर्चमध्ये वर "प्रायोजित" लिहिलेल्या लिंका येतात, दिसायला अगदी सरकारी, त्या सोडून द्यायच्या.

कायद्यासाठी दोन जागा. कलमाचा मूळ मजकूर हवा असेल तर केंद्र सरकारचं इंडिया कोड, आणि कोर्टाने त्या कलमाचा अर्थ काय लावला ते हवं असेल तर इंडियन कानून नावाची फुकट वेबसाइट, सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट सगळ्यांचे निकाल शब्द टाकून शोधता येतात. इथे एक काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं, खुनाचं ३०२ आता १०३ झालं, पण नेटवरचे हजारो लेख अजून जुन्या आकड्यांवरच आहेत. त्या तारखेच्या आधीचा गुन्हा असेल तर जुनी कलमं, नंतरचा असेल तर नवी, म्हणून शोधताना दोन्ही आकडे टाकून बघा.

शेतमालाच्या भावासाठी यूट्यूबवरचे "आजचे भाव गगनाला" टाइप व्हिडिओ बघू नका. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीवार आवक आणि दर रोज येतात, केंद्राचं ॲगमार्कनेट आहे तिथे दुसऱ्या राज्यांतलेही दिसतात. दर तीन असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो तो कमाल, तो लासलगावला एखाद्या उत्तम ट्रॉलीला मिळालेला असतो, तुमच्या मालाचा अंदाज बांधायला सर्वसाधारण दर आणि त्या दिवसाची आवक बघायची, आणि मागचा आठवडाभराचा बघायचा.

आता गुगल नीट वापरण्याबद्दल, कारण शेवटी सुरुवात तिथूनच होते. चार गोष्टी आल्या तरी पुष्कळ. एखादं वाक्य किंवा नाव तसंच्या तसं हवं असेल तर ते अवतरणचिन्हात टाकायचं. एखादा शब्द नको असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह, मध्ये स्पेस न देता. एकाच वेबसाइटच्या आतलं शोधायचं असेल तर इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून वेबसाइटचा पत्ता, मग एक स्पेस आणि मग तुमचे शब्द. पत्त्याच्या जागी नुसतं जीओव्ही डॉट इन टाकलं तरी चालतं, मग फक्त सरकारी साइटींवरचंच येतं, आणि सरकारी साइटींचं स्वतःचं सर्च बरेचदा इतकं रडकं असतं की हा मार्ग जास्त लवकर पोचवतो. चौथी, फाइलटाइप हा इंग्रजी शब्द, कोलन आणि पीडीएफ, म्हणजे नुसत्या पीडीएफ येतात, अहवाल आणि परिपत्रकं शोधायला हे फारच कामाचं. वर्षाचं बंधन घालायचं असेल तर टूल्समध्ये जाऊन तारीख निवडता येते, आणि तिथेच व्हर्बाटिम नावाचा पर्याय आहे, तो लावला की गुगल तुमच्या शब्दांच्या जागी स्वतःच्या मनाचे जवळचे शब्द घालणं थांबवतं.

मराठीतून शोधणाऱ्यांच्या अडचणी मात्र वेगळ्याच आहेत आणि त्या कुठल्या इंग्रजी गाइडमध्ये मिळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, सगळीकडे रुळायच्या आधी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असे फॉन्ट चालायचे, आणि काही ऑफिसांत, प्रेसमध्ये अजून चालतात. त्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. एखाद्या पीडीएफमध्ये शब्द समोर दिसतोय आणि कंट्रोल एफ दाबून तो शोधला तर सापडत नाही, असं झालं तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, मराठीऐवजी भलतंच काही उमटलं की समजायचं. गुगललाही तेच भलतं दिसतं, त्यामुळे तुम्ही कितीही शुद्ध मराठीत शोधा, ती फाइल वर येणार नाही. अशा वेळी फाइलच्या आतला मजकूर विसरायचा आणि बाहेरच्या खुणांवर शोधायचं, म्हणजे विभागाचं नाव, वर्ष, इंग्रजी शीर्षक. स्कॅन केलेल्या पानांचंही तसंच, ती नुसती चित्रं असतात. पण स्कॅन तुमच्या हातात असेल तर गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखून मजकूर काढून देतं, थोडीफार दुरुस्ती करावी लागते. एकदोन पानांसाठी मोबाइलवर गुगल लेन्सही पुरतं.

दुसरी अडचण, एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. "बऱ्याच", "दुसऱ्या" मधला अर्धा र कुणी ऱ वरून काढतं, कुणी साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला सारखं, कंट्रोल एफला वेगळं. त्यामुळे असे शब्द शोधताना पूर्ण शब्द न टाकता आधीचा तुकडा टाकायचा. तुकड्याची युक्ती विभक्तीच्या बाबतीतही चालते, पुणे टाकलं तर "पुण्यात", "पुण्याहून", "पुणेकर" यातलं सगळं एका पानात सापडत नाही, पण "पुण्या" टाकलं तर पहिले दोन लगेच. गुगलवर मात्र अर्धवट तुकडा चालत नाही, तिथे दोनतीन रूपं वेगवेगळी टाकून बघावी लागतात.

तिसरी, शुद्धलेखन. आजचे नियम १९६२ चे, त्याच्या आधीच्या छापील मराठीत "नाहीं", "केलें", "कांहीं" असे अनुस्वार भरलेले असतात. जुन्या पुस्तकांचा मजकूर आता नेटवर बराच आहे, पण आजच्या पद्धतीने टाकलेला शब्द त्याला लागत नाही. १९३० च्या पुस्तकातलं वाक्य हवंय तर त्यांच्यासारखं लिहून शोधा, फरक लगेच दिसेल.

जुनी पुस्तकं म्हटलं की इंटरनेट अर्काइव्ह ही वेबसाइट. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली भरपूर मराठी पुस्तकं तिथे येऊन पडलीत, फुकट उतरवता येतात, पण नावं रोमन लिपीत आणि ती लिहायची पद्धत अजब. श्री च्या शेवटी दोन आय, आ साठी दोन ए, ज्ञ कधी डीएन, कधी जेएन, कधी जीवाय. म्हणून पुस्तकाचं पूर्ण नाव टाकू नका, त्यातला एकच शब्द घ्या ज्याचं स्पेलिंग फारसं बदलत नाही, किंवा लेखकाचं आडनाव घ्या आणि डाव्या बाजूला भाषा मराठी निवडा. तिथे नाहीच मिळालं तर आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी, या दोन ठिकाणी जरूर बघा.

शब्दाचा अर्थ, जुना वापर असं काही असेल तर शिकागो युनिव्हर्सिटीने मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही ऑनलाइन ठेवलेत, आणि बृहद्कोशवर बरेच मराठी कोश एकत्र शोधता येतात. एखाद्या विषयाची नीट तोंडओळख हवी तर वाईचा मराठी विश्वकोश, तो ऑनलाइन आहे आणि माझ्या मते मराठीतून माहिती शोधणाऱ्याने विकिपीडियाच्याही आधी तिथे जावं. आकडे आणि ताज्या घडामोडी तिथे जुन्या असू शकतात, पण विषय समजावून सांगण्यात त्याला तोड नाही. केतकरांचा ज्ञानकोशही ऑनलाइन आहे, तो १९२० च्या दशकातला, त्या काळात लोकांना काय माहीत होतं ते बघायला वापरा.

गावाचा, घराण्याचा इतिहास काढणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची, जुन्या कागदांत आजचे जिल्हे नसतात. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला, जालना औरंगाबादमधून निघाला तोही १९८१ मध्येच, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, आणि धुळे स्वतः आधी पश्चिम खानदेश होतं. आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय, म्हणजे गावाबरोबर निदान दोन आणि कधी तीन नावं टाकून शोधावं लागतं. याहून मोठी गोष्ट म्हणजे राज्य. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणून बीड किंवा नांदेडच्या गावाचं काही मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांत, शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ब्रिटिशांची मुंबई इलाख्याची गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, मध्य प्रांताची वेगळी आहेत, निजामाच्या काळचं हवं असेल तर इंग्रजीत हैदराबाद टाकून शोधा आणि उर्दू कागदांची तयारी ठेवा. सावंतवाडीचं हवं असेल तर १८८० चा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड. मूळ सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल आहे, त्यात यादी तरी दिसते आणि बरीच कागदपत्रं स्कॅन केलेलीही मिळतात.

कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा एखाद्या विषयावर गंभीर वाचन असेल तर गुगल स्कॉलर आणि शोधगंगा. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत, मराठीत लिहिलेलेही खूप, आणि तिथे सुद्धा शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, म्हणून दोन्हीतून शोधायचं. प्रबंधाचा शेवटचा भाग म्हणजे संदर्भसूची आधी उघडा, कुणीतरी तीनचार वर्षं घालवून केलेली यादी तुम्हाला आयती मिळते.

तब्येतीबद्दल शोधताना मी फार कडक आहे. साध्या भाषेत समजून घ्यायला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस, संशोधन बघायचं तर त्यांचंच पबमेड, आणि औषधाची किंमत बघायची तर आपल्याकडचं सरकारी फार्मा सही दाम. "घरगुती उपाय" टाकून जे येतं त्यावरून चालू गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करायला सर्च वापरा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर कधीच शोधू नका, बँकेचा तर अजिबात नाही. खोटे नंबर वर आणून ठेवणाऱ्या टोळ्या आहेत. नंबर कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये असतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

फोटो खरा का खोटा बघायला लेन्स आणि टिनआय, दोन्हींत फोटो टाकून तो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधता येतं. टिनआयवर निकाल सगळ्यात जुना आधी असे लावता येतात, त्यामुळे कालच्या पुराचा म्हणून फिरणारा फोटो चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच राज्यातला असेल तर लगेच कळतं. आणि लिंक मेलेली असेल, पान उडवलं असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता पेस्ट करा, कॅलेंडर उघडतं, ज्या तारखेला गोल दिसेल त्या दिवशीचं पान तसंच्या तसं बघता येतं. महत्त्वाचं सरकारी पान दिसलं तर तिथेच ते स्वतः साठवूनही ठेवता येतं, ही सवय लावाच, भरतीच्या जाहिराती आणि याद्या कधी गायब होतील सांगता येत नाही.

आता एआय. चॅटजीपीटी, जेमिनाय वगैरे मी रोज वापरतो, पण शोधाच्या आधी आणि नंतर, मधल्या कामाला नाही. आधी म्हणजे "या विषयाला सरकारी भाषेत, इंग्रजीत, कायद्यात कुठले शब्द वापरतात" हे विचारायला, त्यात ते फार उपयोगी पडतं. नंतर म्हणजे सापडलेली ५० पानांची पीडीएफ देऊन "यात पात्रता कुठल्या पानावर आहे" विचारायला, आणि मग ते पान आपण स्वतः वाचायचं. मधलं काम, म्हणजे जीआरचा क्रमांक, कोर्टाचा निकाल, पुस्तकाचं पान, हे त्याच्या तोंडून घ्यायचं नाही, कारण नसलेलं सुद्धा ते तितक्याच ठामपणे सांगतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५००० डॉलर दंड भरला. लिंक दिली असेल तर ती उघडून वाक्य तिथे खरंच आहे का ते बघा.

एवढं करूनही काही माहिती नेटवर नसतेच. ग्रामपंचायतीने कुठल्या कामावर किती खर्च केला, अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, असलं काही हवं असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार वापरा, १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "सगळी माहिती द्या" असं न लिहिता कागदाचं नाव लिहा, जसं मोजमाप पुस्तिकेची प्रत, कामाचा कार्यादेश, मासिक सभेचा ठराव. आणि अर्जात संबंधित जीआरची तारीख आणि संकेतांक टाका, म्हणजे "कुठल्या निर्णयाबद्दल विचारताय ते स्पष्ट नाही" असं म्हणून अर्ज परत पाठवायला जागा राहत नाही.